लोणच्याची बरणी कपाटात की फ्रिजमध्ये?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जेवणाच्या पानाच्या डाव्या बाजूविषयी आहेत. लोणची, चटण्या, ठेचा, मुरांबा आणि अलीकडे त्यांच्या पंक्तीला येऊन बसलेले केचप व मेयोनीज यांतले काय फ्रिजमध्ये ठेवावे आणि काय बाहेर ठेवले तरी चालते, हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या निमित्ताने विचारला गेला आहे. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी कैरीचे लोणचे, उपवासाचे लिंबाचे लोणचे आणि मिठातल्या कैऱ्या सासूबाई वर्षानुवर्षे फडताळात ठेवत आल्या आहेत. माझ्या माहेरी मुंबईला मात्र सगळ्या बाटल्या फ्रिजमध्येच असत. कोकणातल्या पावसाळ्यात लोणचे बाहेर ठेवणे सुरक्षित आहे का? फ्रिजमधले लोणचे मुरत नाही, असे सासूबाई म्हणतात, ते खरे आहे का? – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : दोन्ही बाबतींत सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. मात्र लोणच्यातले मिठाचे प्रमाणही त्यांचेच असले पाहिजे. ही अट महत्त्वाची का आहे, हे समजण्यासाठी फ्रिज नेमके काय करतो ते आधी पाहू. चार-पाच अंश सेल्सिअसला बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. म्हणजे फ्रिज नासण्याची क्रिया लांबणीवर टाकतो. ज्या पदार्थात ती क्रिया मुळातच अडवलेली आहे, त्याला या सवलतीची गरज नसते.

लोणच्यात ती तीन-चार प्रकारांनी अडवलेली असते. पहिला अडथळा मिठाचा. जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते, आणि मीठ ते पाणी बांधून ठेवते. पदार्थ ओला दिसला, तरी त्यातले किती पाणी जंतूंच्या वाट्याला येते हे मोजण्याचे एक माप आहे, त्यात शुद्ध पाण्याला १ धरतात. हे माप ०.८५ च्या खाली गेले की माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते. मीठ विरघळायचे थांबून तळाशी खडे उरतात अशा संपृक्त खाऱ्या पाण्यात ते ०.७५ च्या आसपास असते. सासूबाईंच्या मिठातल्या कैऱ्यांच्या बरणीत तळाशी मीठ दिसत असेल, तर ती बरणी इतकी वर्षे फडताळात का टिकली याचे उत्तर तिथेच आहे. दुसरा अडथळा आंबटपणाचा. शाळेत शिकलेला सामू, म्हणजे पीएच, येथे उपयोगी पडतो. तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सामू ४.६ च्या खाली असेल, तर बॉट्युलिझम हा जीवघेणा विकार घडवणारा जिवाणू वाढू शकत नाही. कच्च्या कैरीचा सामू तीनच्या आसपास आणि लिंबाच्या रसाचा दोन ते अडीच असतो, म्हणजे ही दोन्ही लोणची त्या रेषेच्या पुष्कळ खाली आहेत. तिसरा अडथळा तेलाचा. तेल जंतूंना मारत नाही, पण फोडींपर्यंत हवा पोहोचू देत नाही, आणि बुरशीला हवा लागतेच. मोहरी फेसल्यावर नाकात जाणारा जो झणका उठतो, त्यातल्या द्रव्यामुळेही जंतूंची वाढ रोखली जाते. एकटा कोणताच अडथळा पुरेसा नसला, तरी सगळे मिळून पुरेसे होतात. जर्मन अन्नशास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली आणि आज अन्नप्रक्रिया उद्योगाचा मोठा भाग तिच्यावर चालतो. आपल्या आज्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते, हिशेब मात्र चोख ठाऊक होता.

आता मुरण्याविषयी. मुरणे म्हणजे मीठ आणि मसाला फोडीच्या आतपर्यंत जाणे, फोडीतले पाणी खारात उतरणे आणि साल मऊ पडणे. उष्णता कमी झाली की या सगळ्या क्रिया मंदावतात, म्हणून घातल्या दिवशीच फ्रिजमध्ये गेलेले लोणचे महिन्यानंतरही कच्चे लागते. लिंबाच्या लोणच्यात हे अधिक जाणवते, कारण लिंबाची साल मऊ व्हायला कैरीच्या फोडीहून अधिक वेळ लागतो. दोन-तीन वर्षांचे काळे पडलेले, तापातून उठलेल्या माणसाच्या मऊ भातावर वाढतात ते लिंबू फ्रिजमध्ये तयार झालेले माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा लोणचे निदान तीन-चार आठवडे बाहेर मुरू द्यावे. त्यानंतर ते फ्रिजमध्ये ठेवायचे की नाही, ही सोयीची बाब आहे.

कोकणातल्या पावसाळ्याची आपली शंका मात्र रास्त आहे. हवेतल्या दमटपणाने बरणीतले लोणचे बिघडत नाही. ते बिघडते वारंवार उघडण्याने, ओल्या चमच्याने आणि झाकणाच्या आतल्या बाजूला धरलेल्या पाण्याने. मोठी बरणी दादरा बांधून बाजूला ठेवावी आणि आठवड्याला पुरेल एवढे लोणचे काचेच्या लहान बाटलीत काढून रोज त्यातूनच वाढावे, ही जुनी रीत याच कारणाने पडली असावी. रोज फ्रिजमधून बाहेर काढून जेवण होईपर्यंत टेबलावर ठेवलेल्या गार बाटलीवर दव धरते, झाकण काढले की ते आतही धरते. हे थेंब फोडींवर पडतात आणि त्या जागेपुरते मीठ पातळ होते. म्हणजे फ्रिजच्या आत-बाहेर सतत फिरणाऱ्या लोणच्याला कधी कधी फडताळातल्या लोणच्याहून लवकर बुरा येतो. त्यात भर म्हणजे शेंगदाण्याचे तेल थंडीत घट्ट होते, फोडी त्यात अडकून बसतात आणि वाढणारी व्यक्ती चमच्याने खणत बसते.

प्रश्न : माझ्या पतींना रक्तदाबाचा त्रास असल्याने मी यंदा एक किलो कैरीच्या फोडींना फक्त सत्तर ग्रॅम मीठ घातले आणि तेलही निम्म्यावर आणले. एरवी माझ्या आईच्याच कृतीने मी लोणचे घालते आणि ते वर्षभर बाहेर टिकते. यंदा महिन्याभरातच वर पांढरा थर आला. तो काढून टाकून खालचे लोणचे वापरले तर चालेल का? – एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या आईची कृती वर्षभर टिकत होती ती तिच्यातल्या मिठामुळे, आणि तेच आपण काढून घेतले. घरोघरच्या कृतींत किलोभर फोडींना दीडशे ते अडीचशे ग्रॅम मीठ असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांतही खाऱ्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ किमान १२ टक्के असावे, आणि तेलातल्या लोणच्यावर तेलाचा थर किमान अर्धा सेंटीमीटर असावा किंवा तेलाचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी नसावे, असे सांगितले आहे. हे आकडे चवीसाठी ठरवलेले नाहीत. आपले लोणचे मिठाच्या बाबतीत याच्या जवळजवळ निम्म्यावर आहे आणि तेल कमी असल्याने वरच्या फोडी उघड्या पडल्या असणार. इतके कमी मीठ घातलेले लोणचे, मुरले की लगेच, फ्रिजमध्येच गेले पाहिजे आणि दीड-दोन महिन्यांत संपले पाहिजे.

आता पांढऱ्या थराविषयी. तो यीस्टचा असू शकतो किंवा बुरशीचा, आणि घरी नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे अवघड आहे. दोन्ही खारातले आम्ल खातात, त्यामुळे सामू वर सरकतो आणि ज्या आंबटपणाच्या भरवशावर आपण होतो तोच हळूहळू उतरू लागतो. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या थराच्या खालीही उतरलेले असतात. म्हणून वरचा थर काढून खालचे खाण्याचा सल्ला मी देणार नाही. लोणचे टाकून द्यावे. किलोभर कैऱ्या, तेल आणि दोन दुपारची मेहनत टाकून देणे किती जिवावर येते, याची मला कल्पना आहे.

कैरीच्या बाबतीत निदान आंबटपणा मूळचाच होता. हीच काटकसर गाजर, फ्लॉवर आणि मटार यांच्या हिवाळी लोणच्यात केली असती, तर प्रकरण अधिक गंभीर झाले असते, कारण या भाज्यांचा सामू पाच-सहाच्या पुढे असतो आणि त्यांना टिकवणारे आम्ल आपण लिंबाच्या रसातून किंवा व्हिनेगरमधून बाहेरून घालतो. भाज्यांचे लोणचे मी कोणत्याही प्रमाणात केले तरी फ्रिजमध्येच ठेवते.

पथ्याच्या दृष्टीने आणखी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. पंधरा टक्के मिठाच्या लोणच्याच्या दहा ग्रॅमच्या एका फोडीत दीड ग्रॅम मीठ असते, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. निम्मे मीठ घातलेल्या लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या, तर हिशेब तिथेच येतो. तेव्हा पूर्ण मिठाचे लोणचे घालून आठवड्यातून एकदा लहानशी फोड वाढायची, की कमी मिठाचे थोडे थोडे घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, हे पतींच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. कमी मिठाचे लोणचे आईच्या बरणीत, आईच्या जागी ठेवणे, एवढे मात्र करू नये.

प्रश्न : केचपच्या बाटलीवर उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा असे छापलेले असते, पण उपाहारगृहांत तीच बाटली दिवसभर टेबलावर असते. सोया सॉस, चिली सॉस आणि मेयोनीज यांचे काय करावे? आमच्या फ्रिजच्या दारात आता दुधाची पिशवी ठेवायलाही जागा उरलेली नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : उपाहारगृहातली बाटली चार-सहा दिवसांत संपते, आपल्या घरातली तीन महिने चालते. वेगळ्या वागणुकीचे मुख्य कारण एवढेच आहे. केचपमध्ये टोमॅटोचे आणि व्हिनेगरचे आम्ल असते, साखर असते आणि मीठही असते, शिवाय त्याचा सामू चारच्या किंचित खाली असतो. आपल्याकडील नियमांनुसार त्यात आम्लाचे प्रमाण किमान १ टक्का आणि विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण किमान २५ टक्के असावे लागते. अशा पदार्थात रोगजंतू वाढण्याची भीती फारशी नसते. बुरशी मात्र येऊ शकते, चव उतरू शकते, आणि बाटलीच्या तोंडाशी हवेच्या संपर्काने केचप काळपट पडतो तो तर सर्वांनी पाहिलेला असतो. उत्पादक फ्रिजचा आग्रह धरतात तो बराचसा रंग आणि चव टिकावी म्हणून. २०२३ मध्ये हाइन्झ कंपनीच्या ब्रिटनमधील शाखेने केचपची जागा फ्रिजमध्येच आहे असे समाजमाध्यमावर जाहीर केले, तेव्हा तिथे या एका वाक्यावरून केवढा वाद झाला होता.

आपल्याकडे विचारात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ब्रिटनमधले कपाट आणि मे महिन्यात ३५ अंशांवर तापलेले ठाण्यातले स्वयंपाकघर यांत फरक आहे, म्हणून तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरे म्हणजे बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. तिच्यात २११ हा क्रमांक असेल, तर त्या केचपमध्ये सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारे द्रव्य, आहे आणि तो महिनाभर बाहेर राहू शकतो. परिरक्षक नसल्याची जाहिरात असेल, तर मात्र बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी. परिरक्षक नको आणि फ्रिजही नको, या दोन्ही इच्छा एका बाटलीत पूर्ण होत नाहीत. हेच सोडियम बेंझोएट किराणा दुकानातून आणून घरच्या चटणीत घालण्याची कल्पना काही वाचक मांडतात. ते फक्त आंबट पदार्थात काम करते, सामू साडेचारच्या वर असेल तर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि किती घालावे याचे मोजमाप घरच्या तराजूवर जमत नाही. ते घालू नये.

सोया सॉसमध्ये सुमारे १६ टक्के मीठ असते. तो नासत नाही, पण उघडल्यानंतर दोन-तीन महिन्यांत त्याचा गंध उतरतो. महिन्यात बाटली संपवणाऱ्या घराने तो कपाटात ठेवावा, वर्षातून चार वेळा नूडल्स करणाऱ्या घराने फ्रिजमध्ये. व्हिनेगर कपाटात. व्हिनेगर असलेला पातळ चिली सॉस बाहेर चालतो. शेजवान चटणीत तेल आणि लसूण भरपूर असल्याने उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवावी, घरी केलेली असेल तर अधिक काटेकोरपणे.

मेयोनीजविषयी मात्र सवलत नाही. बाजारातले बाटलीबंद मेयोनीज आम्लयुक्त असते, आपल्याकडे ते पुष्कळदा बिनअंड्याचेही असते, तरीही उघडल्यानंतर ते फ्रिजच्या आतल्या फळीवर ठेवावे. कच्च्या अंड्याचे ताजे मेयोनीज हा वेगळाच विषय आहे. त्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, म्हणून केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली. मोमोच्या गाडीवर प्लॅस्टिकच्या पिचकारीतून मिळणारे मेयोनीज केव्हा केले आणि कुठे ठेवले होते, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्याच गाडीवरच्या लाल सॉसची पिचकारीही बहुधा कधी न धुता वरून पुन्हा पुन्हा भरली जाते. तिथे आंबटपणा तारतो, मेयोनीजला तो तितकासा तारत नाही.

प्रश्न : आमच्याकडे हिरव्या मिरचीचा खर्डा एकदम आठ दिवसांचा करतात आणि तेल घालून बाहेर ठेवतात. मुलाने आता लसणाच्या सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बाटलीत भरून ठेवल्या आहेत. वर तेल आहे म्हणजे काही होत नाही, असे तो म्हणतो. कांदा-लसूण मसालाही आम्ही वर्षाचा करतो. यांतले फ्रिजमध्ये काय ठेवावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील लसणाची बाटली हा या महिन्यातला सर्वांत गंभीर मजकूर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी. ती आजच टाकून द्यावी. लसूण जमिनीखाली वाढतो आणि मातीतल्या ज्या जिवाणूमुळे बॉट्युलिझम होतो, त्याचे बीजाणू लसणावर असू शकतात. हे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात : हवेचा अभाव, आंबटपणाचा अभाव आणि ऊब. लसणाचा सामू सहाच्या आसपास असतो, तेल हवा तोडते आणि ऊब आपल्या स्वयंपाकघरात बारा महिने असते. लोणच्यात जे तेल राखण करते, तेच तेल येथे शत्रूला दार उघडून देते. यातून तयार होणाऱ्या विषाला वास नसतो, चवही नसते. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात १९८५ मध्ये एका उपाहारगृहात बाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ लोकांना बॉट्युलिझम झाला होता. १९८९ मध्ये अमेरिकेत असाच प्रकार घडल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तेलातल्या लसणात आम्ल घालणे उत्पादकांना भाग पाडले. मुलाला लसूण तेलात ठेवायचाच असेल, तर थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा.

खर्ड्याचे शास्त्र तेच आहे. मिरची, लसूण, मीठ आणि तेल यांत आंबट काहीच नाही. ताजा वाटून त्या दिवशी भाकरीबरोबर संपला, तर प्रश्नच उद्भवत नाही, आणि जुन्या घरांत तो बहुतेक तसाच संपत असे. आठ दिवसांचा करायचा असेल, तर वाटतानाच लिंबू पिळावे आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबाने खऱ्या खर्ड्याची चव बिघडते, अशी तक्रार कोल्हापुरातून येणार, याची मला खात्री आहे. तसे असेल तर दोन दिवसांचाच करावा.

कांदा-लसूण मसाला मात्र बाहेर टिकतो, कारण त्यातले पाणी काढून टाकलेले असते. कांदा आणि लसूण उन्हात वाळवून किंवा तळून पूर्ण कोरडे केलेले असले पाहिजेत, आणि मीठ पुरेसे असले पाहिजे. कांदा ओलसर राहिला, तर मसाल्याच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळीतच बुरशी सुरू होते. बरणीत तळाशी आणि वर हिंगाचे खडे ठेवण्याची पद्धत किड्यांसाठी आहे, ओलाव्यावर तिचा परिणाम नाही. वर्षाचा मसाला असेल, तर निम्मा फ्रिजमध्ये ठेवण्यात लाभ आहे, पण तो रंगाचा. मिरचीचा लाल रंग उजेड, उष्णता आणि हवा यांनी उतरतो, आणि म्हणूनच गुंटूर आणि ब्याडगी येथील व्यापारी सुकी मिरची शीतगृहात साठवतात. फ्रिजमधून काढलेला डबा मात्र खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये. गार मसाला उघडा ठेवला की तो हवेतले पाणी ओढून घेतो.

प्रश्न : गोव्यात आमच्या घरी कोळंबीचा बलचाव, म्हणजे व्हिनेगरमधले लोणचे, आणि कोकमाचे आगळ दोन्ही बाहेरच ठेवले जाते. हे योग्य आहे का? – एक वाचिका, मडगाव

उत्तर : आगळाची काळजी करू नये. कोकम अतिशय आंबट असते आणि आगळात मीठही भरपूर घातलेले असते, त्यामुळे ते वर्षभर बाहेर टिकते. त्याच आगळात नारळाचे दूध मिसळून सोलकढी केली, की हिशेब पूर्ण बदलतो आणि ती काही तासांत संपवावी लागते किंवा फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

बलचावाविषयी मी अधिक सावध राहीन. कोळंबीचा स्वतःचा सामू सातच्या जवळ असतो आणि ती टिकते ती सर्वस्वी व्हिनेगरच्या आणि मिठाच्या जोरावर. माडाच्या सुरेपासून घरी केलेल्या व्हिनेगरचा जोर प्रत्येक वेळी सारखा नसतो. पूर्वी कोळंबी आधी कडक वाळवून किंवा तळून घेत, व्हिनेगर सढळ असे आणि पाणी मुळीच नसे. आज मऊ, रसदार बलचाव आवडतो. असा बलचाव फ्रिजमध्येच ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावा.

प्रश्न : जवसाची चटणी पंधरा दिवसांत कडू लागते. ती फ्रिजमध्ये ठेवावी का? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : होय, ठेवावी. येथे जंतूंचा संबंध नाही, तेलाचा आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ प्रकारच्या एका मेदाम्लाचा असतो, आणि ते हवेशी संयोग पावून फार लवकर खवट होते. जवस अख्खे असताना त्याचे टरफल तेलाला जपते, भाजून कुटले की ते रक्षण संपते. आठवड्याची चटणी कुटावी, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. कारळ्याची चटणी याहून थोडी अधिक टिकते, तिळाची आणि शेंगदाण्याची आणखी थोडी. शेंगदाण्याच्या चटणीला बुरशी आली, तर मात्र तेवढा भाग काढून उरलेली वापरू नये, कारण शेंगदाण्यावरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात आणि ते भाजण्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. खोबरे-लसणाच्या सुक्या चटणीत खोबरे आणि लसूण दोन्ही भाजलेले असतील, तर ती पंधरा दिवस बाहेर राहते, लसूण कच्चा असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. ओल्या नारळाची चटणी उरली तर लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसानंतर नाही.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेल्या साखरआंब्यात साखरेचे खडे झाले. बाहेर ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीत असे झाले नाही. कारण काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वीस अंशांना साखरेचे पाणी वजनाने सुमारे ६७ टक्क्यांपर्यंत साखर विरघळवून ठेवू शकते, त्याहून गार झाले की कमी. आपल्या साखरआंब्याचा पाक या मर्यादेच्या वर होता, म्हणून थंडीत जास्तीची साखर खड्यांच्या रूपाने बाहेर आली. याचाच दुसरा अर्थ असा, की त्याला टिकवण्यासाठी पुरेशी साखर आहे आणि फ्रिजची गरज नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली तर खडे बरेचसे विरघळतील. पुढच्या वेळी पाकात लिंबाचा थोडा रस घालून शिजवावे, त्याने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतो आणि खडे धरत नाहीत. गुळांबा आणि मोरावळा यांनाही हेच लागू आहे. साखर कमी घालून केलेला साखरआंबा मात्र पुण्याच्या वाचिकेच्या लोणच्याप्रमाणे फ्रिजमध्येच ठेवावा लागेल.

जाता जाता, ठाण्याच्या वाचकांच्या दुधाच्या पिशवीविषयी राहिले. फ्रिजचे दार हा त्याचा सर्वांत उबदार भाग, कारण दर वेळी दार उघडले की बाहेरची हवा आधी तिथे लागते. तिथे केचप, सोया सॉस आणि मुरलेले लोणचे आनंदाने राहतात, दुधाने तिथे राहू नये. ते मेयोनीज आणि खर्ड्याबरोबर आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवावे, आणि मागे जागा करण्यासाठी सासर-माहेरच्या ज्या चार बरण्या बाहेर निघतील, त्यांतली पूर्ण मिठाची कैरी आणि लिंबू थेट फडताळात जाऊ द्यावे.